सोलगोलच्या कर्ण्यातून ऐकू आलेलं नाव

मित्रांनो, जरा मान वर करा. कोरियातल्या सोलगोल गावी, समाजमंदिराच्या छपरावर तारेने बांधलेला, एका कडेला चेपलेला करडा कर्णा दिसतो ना, तो मी. एका वादळात मी खाली पडलो होतो. मला परत वर चढवताना साऱ्या गावाने सल्ले दिले आणि हात मात्र दोघांनीच लावला. म्हणून जरा वाकडाच बसलो आहे.

माझा जन्म शहरातल्या कारखान्यात झाला. सोलगोलला आलो तेव्हा गळ्यात लाल फीत होती आणि बायकांनी तांदळाच्या वड्या वाटल्या होत्या. मिरच्या झाका, पाऊस येतोय. कुणाची तरी गाय कोबीत शिरली आहे. अशी कामं मी रोजच करायचो. पण माझा जीव होता तो शाळेच्या मासिक बातम्यांवर. शाळेचं पत्रक बारीक अक्षरात छापलेलं असे आणि म्हाताऱ्यांना ते दिसत नसे. म्हणून दर महिन्याला सरपंच ते माझ्यातून वाचून दाखवत. मार्चमध्ये पहिलीत आलेल्या मुलांची नावं वाचता वाचता त्या वेळच्या सरपंचांचा घसा बसायचा. प्रत्येक नावाला कुठल्या तरी अंगणातून हसण्याचा आवाज यायचा. मला तर सगळी माझीच नातवंडं वाटत.

पुढे माणसं शहरात गेली आणि यादी आखूड होत गेली. माझा आवाज कमी झाला नव्हता, हे मी अभिमानाने सांगतो. सांगण्यासारखंच कमी उरलं होतं.

गेल्या हिवाळ्यात तर पत्रकात पहिलीपुढे कुणाचंच नाव नव्हतं. मार्चपर्यंत एकही मूल आलं नाही, तर शाळेला कुलूप लागणार होतं आणि उरलेली पोरं बसने तालुक्याला जाणार होती. गावात त्या वयाची एकच मुलगी होती. सफरचंदवाल्या मा जोंगूची बोराम.

बोरामची आई व्हिएतनामहून लग्न होऊन आलेली. आमच्याकडे सुनेला तिच्या माहेरगावावरून हाक मारतात. शेजारच्या बामगोल गावाहून आली ती बामगोलवाली. म्हणून ही झाली व्हिएतनामवाली. गाव काही वाईट नव्हतं. तिने केलेली मुळ्याची किमची मिटक्या मारत खायचं. पण बामगोलचा माणूस कधीमधी दारावरून जायचा, हिच्या माहेरचं कुणीच जात नव्हतं.

एकदा माझ्या छपराखालीच तिने मुख्याध्यापिका नामबाईंना गाठलं. "बाई, मी बोरामचं नाव तालुक्याच्या शाळेत घालतेय," ती म्हणाली. "इथं ती जन्मभर व्हिएतनामवालीची पोरगी राहील. तिथं निदान नुसती बोराम असेल."

"तुमचं म्हणणं मला पटतंय, हीच तर पंचाईत आहे," नामबाई म्हणाल्या आणि खाली मान घालून शाळेकडे गेल्या. मला फार वाईट वाटलं. शाळा गेली की मी फक्त हरवलेल्या गाईंपुरता उरणार होतो.

जानेवारीच्या बातम्या सरपंच ग्वाक दोक्सू यांनी वाचल्या. चांद्र नववर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला शाळेची मुलं नेहमीप्रमाणे गावाचं ढोलपथक घेऊन घरोघर जातील, अशी शेवटची बातमी होती. ती वाचून झाली आणि सवयीप्रमाणे माईक बंद करायचा राहिला. त्यांचं घोरणं आणि जावयाशी भांडण गावाने असंच माझ्यातून ऐकलं होतं. दर वेळी कुणीतरी सांगायला धावत येई. त्या दिवशी मात्र आधी पेक आजोबा आत आले. पथकापुढे काठीने पितळी थाळी वाजवायचा मान पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घरात होता.

"दोक्सू, यंदा थाळी कोण धरणार?"

"ते तुम्हीच सांगा, आजोबा. तुमच्या घरात आता फक्त मांजर आहे."

"जोंगूची पोरगी धरेल. माझं वाजवणं भिंतीआडून ऐकून शिकलीय ती. परवा डब्याच्या झाकणावर चमच्यानं वाजवत होती. माझ्या एकाही पोराला असं कधी जमलं नाही."

"मग जा की, तिच्या आईला विचारा."

आजोबा खुर्चीत टेकले. "हाक काय मारू? इतकी वर्षं तिच्या हातचं खातोय, पण नाव माहीत नाही मला तिचं. लाज वाटते रे."

"मला तरी कुठं माहीत आहे?"

"तू सरपंच ना?"

"म्हणून तर जास्त लाज वाटते."

मित्रांनो, इतकं खरं मी जन्मात कधी बोललो नव्हतो. सारं गाव कान देऊन ऐकत होतं. माईक बंद करा, असं सांगायला कुणी म्हणजे कुणी आलं नाही. बोरामची आई अंगणात धुणं वाळत घालत होती. तिने हातातला पिळा बादलीत टाकला आणि ती तडक समाजमंदिराकडे निघाली. दार कुरकुरलं, तेही मी गावभर ऐकवलं.

"माझं नाव थाओ," ती म्हणाली. "आजोबा, थाळी द्यायची असेल तर मला नावानं हाक मारून विचारा."

खुर्ची सरकली. "थाओ," आजोबा म्हणाले, "तुझी लेक आमच्या पथकापुढं चालेल का?"

"चालेल. आणि सरपंच, तुमचा माईक चालू आहे."

पौर्णिमा आली. त्या दिवशी आमच्याकडे सूर्य उगवण्याआधी ऊन विकायची रीत आहे. कुणाला तरी नावाने हाक मारायची. त्याने ओ दिली की म्हणायचं, माझं ऊन घे. मग आपल्या वाटचा उन्हाळ्याचा त्रास त्याला होतो, असं मानतात. हाक मारायला नाव लागतं. म्हणून थाओला आजवर कुणी ऊन विकलंच नव्हतं.

त्या पहाटे बामगोलवाल्या आजी कुंपणाशी आल्या. "थाओ, ए थाओ."

"काय हो, आजी?"

"माझं ऊन घे."

मग शेजारीण आली, मग समोरची. थाओ प्रत्येकीला ओ देत राहिली. ती सगळं समजून फसत होती, असा मला दाट संशय आहे. शेवटी ती समाजमंदिरात आली आणि तिने स्वतः माईक लावला. "ग्वाक दोक्सू, सरपंच, कुठं आहात?"

"इथंच आहे, गोठ्यात. काय झालं?" सरपंच तिथूनच ओरडले.

"सगळ्या गावाचं ऊन आता तुमचं."

वडीलधाऱ्यांना ऊन विकू नये म्हणतात. पण गाव असं हसलं की माझ्या तारा थरथरल्या. दिवस वर आला आणि बोराम थाळी वाजवत पथकापुढे निघाली. आजोबा मागून ताल धरत चालले होते.

मार्चच्या बातम्यांत सरपंचांनी वाचलं, "पहिली. मा बोराम. आई थाओ, वडील जोंगू." एवढ्यावर त्यांचं मन भरेना, म्हणून त्यांनी तेच पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांचा घसा बसला, आणि मला जुने दिवस आठवून भरून आलं.

मित्रांनो, माझ्या तारांना आता गंज चढलाय. वर्षातून एकदा तेलाचं बोट फिरवा, तेवढं मला पुरे. पण तुमच्या शेजारच्या माणसाचं नाव माहीत नसेल, तर आजच जाऊन विचारा. कुणाचा तरी माईक चालू राहील, याची वाट बघू नका.