काजळीने बुजलेलं तोंड

मित्रांनो, करंगळीएवढा हा धातूचा तुकडा पाहून हसू नका. विमानाच्या इंजिनांची चाचणी घेतात, त्या खोलीत मी अकरा वर्षं आगीला तोंड लावून बसलो होतो. मी दाब ओळखणारा सेन्सर आहे.

इंजिनातली आग कधी कधी घुमू लागते. घुमणं वाढत गेलं, तर जाड कवचही फाटतं. ते सर्वांत आधी मला कळे. मी कळवलं की इंधनाची झडप बरोबर उलट्या तालात इंधन कमी-जास्त करी आणि आग निवळे. पुढे येणारा झोका समोरून हात लावून थांबवावा, तसंच. मात्र हात भलत्या वेळी लागला, तर झोका आणखी उंच जातो.

माझ्या तोंडाशी काजळी साचे. म्हातारे फिटर रोज चाचणीआधी खिशातल्या सुईने ती काढत आणि म्हणत, "हं, बोल आता नीट." त्यांची लेक काचेपलीकडे नियंत्रणाच्या टेबलाशी बसे. फिटरना एक खोड होती. इंजिन मंद चालू असताना ते आतच थांबून कवचाशेजारच्या नळीवर तळहात ठेवत. नियमाने बंदी होती, पण त्यांना सांगणार कोण?

त्या दिवशी चाचणी पाहायला आलेले पाहुणे खोळंबले होते. फिटरनी सुई काढली, तशी लेक म्हणाली, "बाबा, राहू द्या ना आज. कालच तर साफ केलाय."

"बरं बाई," म्हणत त्यांनी सुई खिशात टाकली.

इंजिन सुरू झालं, फिटर नेहमीसारखे आतच थांबले. आग घुमू लागली. बुजलेल्या तोंडामुळे मला ते उशिरा कळलं आणि झडपेने नेमकं नको तेव्हा इंधन वाढवलं. लेकीने बंद करायचं बटण दाबलं, पण तोवर कवच फाटलं होतं. फिटर जागीच गेले.

चौकशीत माझी तपासणी झाली. भडक्यात काजळी जळून गेली होती. 'सेन्सर निर्दोष' असा शेरा पडला. लेकीने खरं ते सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "पोरी, उगाच मनाला लावून घेऊ नकोस." मला फार लाज वाटली.

आता मी तारा तुटलेल्या अवस्थेत तिच्या खणात पडून आहे. मित्रांनो, जे तुमच्यासाठी राबतं, त्याला 'आज राहू दे' म्हणू नका. एवढंच मागणं आहे.

रोज सकाळी ती नव्या सेन्सरचं तोंड साफ करते. मग खण उघडून बाबांची तीच सुई माझ्याही तोंडात फिरवते आणि म्हणते, "हं, बोल आता नीट." माझ्या तोंडात आता काजळीचा कण नाही. मला बोलता मात्र येत नाही.