कपडे वाळत घालू नयेत

मित्रांनो, माझ्या पायाशी जी पाटी लावली आहे ना, ती आधी वाचू नका. तिच्यावर मला 'स्मृतिशिल्प' म्हटलं आहे. शिल्प कसलं डोंबलाचं! मी कपडे वाळत घालायचा जुना खांब आहे. जस्त चढवलेला लोखंडी नळ, वर छत्रीसारखे पसरलेले चार हात, हातांतून ताणलेल्या तारा, आणि वारा सुटला की ओल्या कपड्यांसकट गरागरा फिरायचं. एवढंच माझं काम. ते मी वर्षानुवर्षं केलं, कुरकुर न करता. म्हणजे थोडी करकर व्हायची, पण ती गंजामुळे.

ऑकलंडच्या दक्षिणेला मांगेरेत पुरिरी गल्ली आहे. सरकारने तिथे कामगारांसाठी लाकडी घरं बांधली, तेव्हा मी आलो. प्रत्येक घरामागे ऐसपैस हिरवळ, आणि हिरवळीच्या मधोमध माझ्यासारखा एकेक खांब. सोमवारी सकाळी सगळी गल्ली शिडं उभारल्यासारखी दिसायची. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं बाळ रात्री ओलं करतं, कुणाचा नवरा घर सोडून गेला, हे आम्हा खांबांना सगळ्यांच्या आधी कळायचं. पण आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. हाच तर सगळा वांधा आहे, पुढे कळेल.

माझ्या घरात फिलेमू आणि लाफाएले राहायला आले. सामोआ बेटांवरची माणसं. लाफाएले मांसाच्या कारखान्यात कामाला जायचा, फिलेमू घर, चर्चची गायनमंडळी आणि अर्धी गल्ली सांभाळायची. माझ्याशी ती बोलायची. कपडे पिळताना नवऱ्याला, पाद्रीबुवांना, बटाट्याच्या भावाला ज्या शिव्या घालायच्या त्या मला घालायची. मला ते आवडायचं. रविवारी मात्र मला पूर्ण सुट्टी. रविवारी तारेवर रुमाल जरी दिसला तरी फिलेमूच्या मते घराण्याची अब्रू गेली. पाऊस आठवडाभर झोडपून रविवारी ऊन पडलं, तरी बाई ओल्या कपड्यांच्या ढिगाकडे बघत बसायची, पण बाहेर येणार नाही. ऑक्टोबरात मुलांचा पांढरा रविवार असतो, सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत चर्चला जातात. त्याच्या आदल्या दिवशी माझ्या अंगावर पांढऱ्याशिवाय दुसरा रंग नसे. तो दिवस माझा.

आता कामाची गोष्ट सांगतो. नीट ऐका, कारण पुढच्या सगळ्या शहाण्यांनी ती ऐकली नाही.

घर भाड्याचं होतं आणि घरखात्याचा निरीक्षक मोठा खवट होता. परवानगीशिवाय खिळा ठोकायचा नाही, खड्डा खणायचा नाही, झाड लावायचं नाही. लाफाएलेने एक लिंबाचं रोप लावलं होतं, ते निरीक्षकाने समोर उभं राहून उपटायला लावलं. त्यानंतर लवकरच फिलेमूला मुलगा झाला. सामोआच्या लोकांत बाळाची नाळ आणि वार जमिनीत पुरतात, म्हणजे माणूस कुठेही भटकला तरी त्याला एक जागा राहते. दवाखान्यातून लाफाएले आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ते घेऊन आला आणि अंगणात डोक्याला हात लावून बसला. खणायचं कुठे? शेजारी पाहील, निरीक्षकाला सांगेल, घर जाईल.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. वादळात मी जरा कलंडलो होतो.

"खांब दुरुस्त करायला तर कुणाची हरकत नाही ना?" तो म्हणाला.

त्याने मला उपटलं, खड्डा खोल केला, तळाशी बाळाची नाळ-वार ठेवली, माती लोटली, आणि वर मला उभं करून सिमेंट ओतलं. फिलेमू बाळाला छातीशी धरून प्रार्थना पुटपुटत होती. तेवढ्यात निरीक्षक कुंपणावरून डोकावलाच.

"काय चाललंय?"

"खांब दुरुस्त करतोय, साहेब."

"छान, छान," म्हणून तो गेला. फिलेमू इतकी हसली की बाळ जागं झालं. मुलांना यातलं काही सांगायचं नाही, शाळेत बडबडतील, असं दोघांनी ठरवलं. आणि मित्रांनो, मी त्या दिवसापासून नुसता खांब राहिलो नाही. माझ्या पायाखाली कुणीतरी होतं.

ते बाळ म्हणजे एतुआले. घरात एतु. पोरगं महा द्वाड. माझ्या हाताला लोंबकळून झोके घ्यायचं. माझा एक हात आजही वाकडा आहे, ते त्याचंच कर्तृत्व. लाफाएले त्याच्यावर ओरडायचा, फिलेमू म्हणायची, "असू दे हो, त्याचाच आहे तो." पोराला वाटायचं, आईने आपली बाजू घेतली.

वर्षं गेली. लाफाएले वारला. त्याचे सदरे फिलेमूने शेवटचे धुतले आणि माझ्यावरून काढायला तिला फार वेळ लागला. एतु मोठा होऊन पोकलेन चालवायला लागला. आणि मग एके दिवशी गल्लीत पुनर्विकास आला.

मागच्या अंगणात घरखात्याकडून ब्रॉनविन नावाची बाई आली. हसतमुख, गळ्यात ओळखपत्र, हातात पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. लाकडी घरं पाडून तिथे बहुमजली इमारती होणार होत्या. सगळ्यांना याच गल्लीत परत घर मिळेल, म्हणाली. फिलेमूने तिला आधी गरम तळलेल्या गोड पानिकेके खाऊ घातल्या. खाल्ल्याशिवाय कुणाचं बोलणं ऐकायची तिला सवयच नाही.

"तुमच्यासाठी इथलं सगळ्यात महत्त्वाचं काय आहे?" ब्रॉनविनने बोटं चाटत विचारलं. "काहीही सांगा, मी लिहून घेते."

फिलेमू म्हणाली, "हा खांब हलवायचा नाही."

"कपड्यांचा?"

"हो. बाकी काय करायचं ते करा. हा इथून हलायचा नाही."

अगं बाई, पुढे बोल ना! मी मनातल्या मनात किंचाळलो. का हलवायचा नाही ते सांग! पण फिलेमू गप्प. परक्या बाईसमोर असलं बोलायची लाज वाटली. शिवाय भाडेकरूची भीती अशी मुरलेली असते की निरीक्षक कधीचा मातीत गेला तरी ती जात नाही. बरं, ही गप्प बसली तर त्या शिकल्यासवरल्या बाईने 'का हो?' एवढं विचारावं की नाही? नाही विचारलं. तिचे डोळे पाणावले. "किती सुंदर!" म्हणाली, चिठ्ठीवर 'खांब' लिहिलं आणि ती माझ्याच छातीवर चिकटवून फोटो काढला. पुढच्या खेपेला ती नकाशा घेऊन आली. त्यात इमारतींच्या मधल्या चौकात मी होतो, केशरी रंगात, भोवती बाक.

"बघा, तुमचा खांब राहणार!" ती म्हणाली.

फिलेमूला नकाशा कुठला कळतोय! खांब राहणार म्हणजे जागेवरच राहणार, असं तिने धरलं. निश्चिंत मनाने सामान बांधलं आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला तात्पुरत्या घरात राहायला गेली. जाताना माझ्या नळाला हात लावून म्हणाली, "सांभाळ रे." मी सांभाळणार होतो, पण मला कुणी विचारायला तर हवं!

घरं पाडायचं काम ज्या ठेकेदाराकडे होतं, त्याच्याकडेच एतु नोकरीला. योगायोग नाही हो, मांगेरेतली निम्मी पोरं हेच काम करतात. मुकादमाने सांगितलं, तो खांब कापून ठेव, रंगवून चौकात लावायचाय. एतुला कोण आनंद! आईचा लाडका खांब आपल्या हाताने वाचवणार! शनिवारी त्याने ग्राइंडर आणला आणि मला जमिनीलगत कापलं. ठिणग्या उडत होत्या आणि हा गाढव शीळ वाजवत होता. ज्या जागेवर पाय रोवून उभा होता, तिच्याखाली याचीच नाळ, आणि याला पत्ता नाही. मी ओरडून ओरडून सांगत होतो, अरे वर काय कापतोस, खाली बघ, खाली! लोखंडाचं कोण ऐकतं? त्याला फक्त करकर ऐकू आली आणि तो तेल शोधायला लागला.

साहित्य चोरीला जातं म्हणून त्याने मला पिकअपमध्ये घातलं, आणि दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर आईकडे जेवायला आला. रविवारचं जेवण म्हणजे नारळाच्या दुधातला तारोचा अळूसारखा पाला, डुकराचं मांस, आणि सुस्ती. फिलेमू पांढऱ्या झग्यात, पांढऱ्या टोपीत दारात आली.

"आई, डोळे मीट," एतु म्हणाला. "आता उघड!"

तिने उघडले. मी पिकअपमध्ये आडवा पडलो होतो, वाकडा हात वर करून.

"हा इथे कसा?" तिने विचारलं.

"मी स्वतः कापला. एक ओरखडा नाही पडू दिला!"

"आणि खालचं?"

"खालचं काय? सिमेंटचा गड्डा? तो तिथेच आहे. उद्या सकाळी तिथं गाड्यांच्या तळघराचं खोदकाम सुरू करायचंय. मलाच करायचंय."

फिलेमूने पायातली चप्पल काढली आणि त्या धिप्पाड माणसाच्या पाठीत हाणली.

"अगं! काय केलं मी?"

"मेल्या, तुझी नाळ पुरलीय तिथे! तुझ्या बापाने माझ्यासमोर पुरली! आणि तूच उद्या ती उकरून कचऱ्यात टाकणार होतास!"

एतु खाली बसला. म्हणाला, "मला का नाही सांगितलंस, आई?"

"घाबरत होते. आधी घर जाईल म्हणून. मग सवय झाली." तिने चप्पल पायात घातली. "चल."

"आत्ता? आई, आज रविवार आहे."

"देवाला मी सांगते काय ते. तू पहार घे."

जिने आयुष्यात रविवारी माझ्यावर रुमाल टाकला नाही, ती बाई चर्चच्या पांढऱ्या झग्यात त्या उघड्या मैदानावर उतरली. घरं नव्हती, कुंपणं नव्हती, गल्ली ओळखू येत नव्हती. कापलेला माझा बुंधा तेवढा चमकत होता, त्यानेच जागा सापडली. एतुने गड्ड्याला साखळी बांधून पिकअपने ओढला. खाली काळी, ओलसर माती निघाली. फिलेमू गुडघ्यावर बसून हातांनी उकरायला लागली. नाळ-वार कधीच मातीची माती झाली होती. तिने ती ओंजळीने डब्यात भरली. डबा आइस्क्रीमचाच होता, घरातून निघताना तेवढाच हाती लागला.

एतु डब्यात डोकावला. "एवढंच?"

"मग तू केवढा होतास?" फिलेमू म्हणाली, आणि झग्याच्या बाहीने डोळे पुसताना तोंडभर चिखल लावून घेतला. तो झगा पुढे कितीही घासला तरी पुन्हा पांढरा झाला नाही. तिने तो टाकलाही नाही.

इमारती उभ्या राहिल्या. फिलेमूला घर मिळालं, गल्ली तीच, पण तिसऱ्या मजल्यावर. खाली तिची म्हणावी अशी वीतभर जमीन नाही. डबा खिडकीत ठेवलेला. शेवटी चौकात मला रोवायची वेळ आली तेव्हा एतुने मुकादमाला चहाला पिटाळलं आणि ती माती माझ्या खड्ड्यात ओतली. कापल्यामुळे मी बुटका झालोय. फिलेमूही वाकलीय, त्यामुळे आमचं जमतं.

ब्रॉनविन आली, फीत कापली, टाळ्या झाल्या. मला केशरी रंग फासलेला. आणि पायाशी पाटी: 'स्मृतिशिल्प. कपडे वाळत घालू नयेत.' कपड्यांच्या खांबावर! म्हणजे घोड्याला सांगायचं, घोडा राहा, पण पळू नकोस. गॅलरीतही कपडे वाळत घालायला बंदी, इमारतीची शोभा जाते म्हणून. माणसांनी ओले कपडे घालून फिरायचं की काय? फिलेमू दर शनिवारी पाटीकडे पाठ करून चादरी घालते. डेरेक नावाचा व्यवस्थापक दर शनिवारी त्या काढतो, आणि घडी घालून तिच्या दाराशी ठेवतो. माणूस वाईट नाही, पण पाटीचा नोकर आहे.

गेल्या शनिवारी सकाळी फिलेमू चिमटे लावत होती. पहिल्या मजल्यावरची मेरेआना आली. माओरी पोरगी, त्यांच्यातही नाळ-वार जमिनीतच पुरतात. नुकतीच बाळंत झालेली, खांद्यावर तान्हं. हातात आइस्क्रीमचा डबा.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "फ्रीझरमध्ये ठेवून ठेवून कंटाळले. आमच्याकडे कुंडीसुद्धा नाही. ही चौकातली माती... म्हणजे, कुणाला विचारायचं?"

फिलेमूने डब्याकडे पाहिलं. एतु त्या दिवशी तिच्याकडेच आला होता. तिने वर तोंड करून हाक मारली, "एतु! कुदळ घेऊन खाली ये!"

माझ्या शेजारी खड्डा अर्धा झाला असेल नसेल, डेरेक धावत आला.

"अहो, हे काय चाललंय? हिरवळ खणताय?"

एतु चटकन म्हणाला, "खांब दुरुस्त करतोय, साहेब."

"नाही," फिलेमू म्हणाली. ती सरळ उभी राहिली, जेवढं आता तिला राहता येतं तेवढी. "खोटं बोलतोय तो. आम्ही या बाळाची नाळ पुरतोय. शेजारी माझ्या पोराची आहे. म्हणून म्हणत होते, खांब हलवू नका."

डेरेक पाटीकडे बघत राहिला, मग बाळाकडे. "हे आधी का नाही सांगितलं?"

"का नाही विचारलंत?"

त्याने तारेवरची ओली चादर बाजूला धरली, मातीला लागू नये म्हणून.

मित्रांनो, शहरं बदला, घरं पाडा, मजले चढवा. मी अडवणारा कोण? पण कुणी म्हातारी म्हणाली, एवढं हलवू नका, तर चिठ्ठी चिकटवायच्या आधी तिला 'का?' विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. माझ्या पायाखाली आता दोघं आहेत, तिसऱ्या मजल्यावर आणखी एकीचे दिवस भरत आलेत. मला पुन्हा कापायला येणार असाल तर निदान खाली वाकून बघा. आणि ती पाटी तेवढी काढा हो. शनिवार आहे, उद्या पांढरा रविवार, आणि बाई टोपली भरून कपडे घेऊन खाली येतेय.