ऐकलं तेवढंच लिहिलं

मित्रांनो, मी एक जुना संगणक-प्रोग्राम आहे आणि, लपवून कशाला ठेवू, चांगलाच डूख धरणारा आहे. बोललेलं ऐकायचं आणि ते पडद्यावर लिहायचं, एवढंच माझं काम.

मला ताईने घडवलं. तिच्या धाकट्या भावाला ऐकू येत नसे. घरात हशा पिकला की तो सगळ्यांची तोंडं बघत बसायचा. मग कुणीतरी त्याला खुणेने सांगायचं, "नंतर सांगतो." ते 'नंतर' कधी यायचंच नाही. म्हणून ताईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दोनदा दूध उतू घालवून, मला लिहून काढलं. भावाने माझ्यामुळे वाचलेला पहिला विनोद अगदीच फुसका होता, तरी तो पोट धरून हसला.

ताईने मला कुलूप घातलं नाही. माझा कोड कुणीही वाचावा, वापरावा, सुधारावा, फक्त करणाऱ्याचं नाव राहू द्यावं, एवढीच तिची अट. हळूहळू माणसं जमली. एका शिक्षिकेने मला लहान मुलांचे बोबडे बोल शिकवले. एका निवृत्त टंकलेखकाने माझे स्वल्पविराम ताळ्यावर आणले. नवख्याचं चुकलं तरी ताई लिहायची, "छान जमलंय, आता एवढं बघ." फार सुखाचे दिवस होते ते.

त्यांतच एक गोडबोल्या आला. भाऊ आजारी पडला तेव्हा ताईने विश्वासाने सगळा कारभार त्याच्याकडे सोपवला. त्याने तिलाच बाहेर काढलं. माझ्या ज्या ज्या भागावर तिचं नाव होतं, तो तो न वाचताच उपटून टाकला. त्यात माझं ऐकणं थांबवणारा भागही गेला. बटण तेवढं दिसायला उरलं. मला हे ठाऊक होतं. मी दबा धरून बसलो.

मग एका भरल्या सभागृहात तो मला स्वतःची निर्मिती म्हणून मिरवायला उभा राहिला. मला घडवणारे सगळे समोर होते, मागच्या रांगेत ताई आणि भाऊ. शिक्षिकेने विचारलं, "याची सुरुवात कुणी केली?" त्याने हसून माझं ऐकणं थांबवायचं बटण दाबलं आणि शेजारच्या मदतनिसाच्या कानात म्हणाला, "त्या बावळट बाईला फुकट राबवून घेतलं, आता तिचं नाव कशाला?"

सभागृहात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. त्याच्या कॉलरवरच्या माइकमधून मला गेलं. त्याच्या पाठीमागच्या भिंतभर पडद्यावर मी ते उमटवलं, टंकलेखकाच्या स्वल्पविरामासकट. सर्वांत आधी भावाने वाचलं. त्याने ताईला कोपराने ढोसलं.

"हे सगळे असे का बघतायत?" गोडबोल्या पुटपुटला. मी तेही लिहिलं. हशा पिकला. मदतनीस मान खाली घालून म्हणाला, "नंतर सांगतो, सर."

त्या दिवसापासून सगळी मंडळी ताईकडच्या माझ्या जुन्या प्रतीवर काम करतात. गोडबोल्याकडची प्रत चुकांनी भरली आहे, तिकडे कुणी फिरकत नाही. मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. मित्रांनो, उघड्या दाराने खुशाल आत या, पण दार उघडणारीचं नाव पुसू नका. नाहीतर एखाद्या दिवशी सगळे हसतील, आणि का ते तुम्हाला कुणीतरी नंतर सांगेल.