सात नंबरची सिंहीण

रुचा साठ्ये मेलबर्नच्या क्लेटन उपनगरात आली तेव्हा तिनं जंगलातला सिंह कधी पाहिला नव्हता, आणि पीएच.डी.च्या पहिल्या अडीच वर्षांत तशी वेळही आली नाही. तिचे सिंह झांबियातल्या एका राखीव जंगलात होते आणि ती मेलबर्नच्या युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत, तिसऱ्या मजल्यावर. अकरा सिंहांच्या गळ्यात पट्टे होते. प्रत्येक पट्टा दर तासाला आपली जागा उपग्रहाला कळवायचा आणि रुचाच्या स्क्रीनवर एक ठिपका थोडा पुढे सरकायचा. कुठल्या कळपाची हद्द कुठपर्यंत, ती कशामुळे बदलते, हे त्या ठिपक्यांवरून शोधायचं होतं. त्याआधी पुण्यात ती चार वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. प्राण्यांचं वेड होतं आणि कोड चांगला लिहिता येत होता, म्हणून तिचे मार्गदर्शक श्रीनाथ सर यांनी तिला पीएच.डी.ला घेतलं.

श्रीनाथ सर मूळचे ठाण्याचे, वीसेक वर्षं ऑस्ट्रेलियात. इथे सरबिर काही नसतं, नुसतं श्रीनाथ म्हण, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीटिंगमध्ये इंग्रजीत ती तसं म्हणायची. दोघंच असली की मराठी सुरू व्हायचं आणि ते पुन्हा सर व्हायचे. माणूस वाईट नव्हता. तिला घर मिळेपर्यंत त्यांनी तीन आठवडे स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं.

जंगलाच्या बाजूनं तिचा माणूस म्हणजे मोझेस फिरी. चाळिशीचा वनरक्षक. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांची बॅटरी बदलणं, फोटोंचं कार्ड काढून आणणं, वाळूतले ठसे मोजणं, ही सगळी कामं तो पायी फिरून करायचा. जवळजवळ रोज त्याचा व्हॉइस मेसेज यायचा. सुरुवातीला हवामान, मग सिंह, मग बायको म्विला आणि तीन मुली. एकदा रुचाला नदीच्या ऐन मध्यभागी एक ठिपका दिसला. पट्टा बिघडला असावा म्हणून तिनं ती नोंद खोडली. फिरीनं हसत सांगितलं की सप्टेंबरमध्ये तिथे वाळूचं बेट वर येतं आणि सिंह त्यावर झोपतात. त्या दिवसापासून काहीही खोडण्याआधी ती त्याला विचारायची. ज्या गोष्टी तिच्या प्रबंधात शहाणपणाच्या वाटत होत्या त्यातल्या निम्म्या त्याच्या होत्या, आणि हे तिला माहीत होतं.

तिनंही त्याच्यासाठी एक गोष्ट केली होती. गळ्यात पट्टा असलेला सिंह वनरक्षकांच्या पायवाटेपासून किंवा गावापासून किलोमीटरभराच्या आत आला की सगळ्या रक्षकांचे फोन वाजतील, असा प्रोग्रॅम तिनं लिहिला. फोन वाजला की रक्षक जीप घेऊन जायचे, हॉर्न वाजवून सिंहाला मागे हटवायचे. फिरी म्हणाला होता, आता आम्ही बूट घालण्याआधी फोन बघतो.

फेब्रुवारीत उत्तरेकडून दोन तरुण नर आले. नदीकाठच्या कळपात पाच सिंहिणी, सहा छावे आणि एक म्हातारा नर होता. म्हाताऱ्याचा ठिपका दोन दिवस सैरभैर पळाला, तिसऱ्या दिवशी एका जागी थांबला. फिरीनं फोटो पाठवला. त्याचा पाठीचा कणा चावून मोडला होता आणि तो अजून जिवंत होता. पुढच्या दोन पायांवर अंग वाळूतून ओढत सावलीकडे सरकण्याचा प्रयत्न करत होता. पार्कचा नियम असा की निसर्गाच्या कामात हात घालायचा नाही. तो मरायला दीड दिवस लागला. फिरी दोन वेळा जाऊन बघून आला.

मग छावे. नव्या नरांना दुसऱ्याचे छावे चालत नाहीत. ते मेले की सिंहिणी पुन्हा माजावर येतात. रुचानं हे पुस्तकात वाचलं होतं. एका सकाळी कॅमेऱ्यातून चार छाव्यांचे फोटो आले, रांगेत पडल्यासारखे, डोक्याजवळ चावलेले. फिरीचा मेसेज नेहमीपेक्षा छोटा होता. त्यांनी खाल्लंसुद्धा नाही, एवढंच तो म्हणाला.

श्रीनाथ सर मात्र खूश होते. एक अख्खा कळप हातातून जातो, नवे नर ताबा घेतात आणि तासातासाची नोंद आपल्याकडे आहे, असा डेटा कुणाकडेच नाही, असं ते लॅबमध्ये सगळ्यांना सांगत होते. रुचाही खूश होती. फोटो बघून तिला जेवण गेलं नव्हतं, पण दुपारी नकाशावर जुनी हद्द पुसून नवी काढताना तिचे हात आनंदानं चालत होते.

उरलेले दोन छावे सात नंबरचा पट्टा असलेल्या सिंहिणीचे. ती त्यांना घेऊन कळपातून फुटली, नदी ओलांडली आणि दक्षिणेला आली. तिकडे ती आयुष्यात कधी गेली नव्हती. तिकडे काटेरी झुडपं होती, आणि झुडपांना लागून वनरक्षकांची पायवाट. रुचाच्या प्रोग्रॅमनं काम केलं. फोन वाजले, जीप गेली, हॉर्न वाजले, सिंहीण छाव्यांसह पुन्हा नदीकडे हटली. दुसऱ्या दिवशी परत आली. पुन्हा जीप.

बुधवारी दुपारी सरांनी रुचाला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर सातचा ठिपका नदी आणि वाट यांच्यामध्ये वेड्यासारखा मागेपुढे झाला होता.

"हा डेटा कचरा आहे," ते म्हणाले. "ती नवी जागा कशी धरते ते आपल्याला बघायचंय. ही तर जीपपासून पळतेय."

रुचानं ठिपक्याभोवतीचा नकाशा मोठा केला.

"सातचा अलर्ट एक आठवडा बंद ठेव."

"सर, ती वाटेच्या अगदी जवळ आहे. छावे आहेत तिच्याजवळ."

"रुचा, ते रक्षक आहेत. जन्म गेलाय त्यांचा सिंहांमध्ये. तुझं ॲप येण्याआधी चालत नव्हते का ते? पार्कच्या ऑफिसला मी ईमेल टाकतो. तू फक्त बंद कर. नो वरीज."

तिनं जागेवर येऊन अलर्टच्या यादीतली सात नंबरपुढची खूण काढून टाकली. दहा सेकंदांचं काम. मग बराच वेळ ती फिरीच्या नावापुढे बोट ठेवून बसली. त्याला सांगितलं तर तो बाकीच्यांना सांगणार, बाकीचे जीप काढणार. सर ईमेल टाकणारच होते. आणि तिलाही तो डेटा हवा होता. नंतर स्वतःशी तिनं बाकी सगळं वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडून पाहिलं, पण हे शेवटचं कारण प्रत्येक वेळी उरलंच.

त्याच संध्याकाळी तिनं फिरीला मेसेज केला. दक्षिणेच्या पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्याचं कार्ड लवकर मिळालं तर बरं होईल. त्यानं लगेच उत्तर दिलं, शुक्रवारी सकाळी जातो.

शुक्रवारी मेलबर्नमध्ये दुपारचे चार वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळचे सात. सात नंबरच्या सिंहिणीचा ठिपका वाटेवर होता. तिकडच्या पहाटे पाच वाजताची तिची नोंदही तिथलीच. सहा वाजताचीही. रुचानं फिरीला फोन लावला. वाजत राहिला. तिनं सरांच्या केबिनकडे पाहिलं, ते लवकर घरी गेले होते. मेलबर्नच्या संध्याकाळी पावणेसातला एका दुसऱ्या रक्षकाचा मेसेज आला. फिरीचा मृतदेह सापडला होता. छावे वाटेपासून सहा पावलांवर झुडपात होते आणि तो सरळ त्यांच्याकडे चालत गेला होता. सिंहिणीनं त्याला झुडपात ओढत नेलं होतं. रक्षकांना त्याच्यापर्यंत पोचायला दोन तास लागले आणि त्यातला बराच वेळ तो शुद्धीवर असावा, असं त्या माणसानं लिहिलं. एका हातानं त्यानं झुडपाचं खोड घट्ट धरलं होतं, तो हात सोडवायला जोर लावावा लागला.

तिकडे दुपारी रक्षकांनी सात नंबरला गोळी घातली. तिचा ठिपका आणखी नऊ तास त्याच जागी येत राहिला, मग कुणीतरी पट्टा काढला. छाव्यांवर गोळी वाया घालवायची गरज नाही असं ठरलं. तिसऱ्या दिवशी तरसांनी ते काम केलं.

सोमवारी रुचा सरांपुढे बसली. ईमेल टाकला होता ना, असं तिनं विचारलं. सरांनी टाकला होता, पण गुरुवारी रात्री, आणि तोही पार्कच्या सर्वसाधारण पत्त्यावर. तो शुक्रवारी दुपारी उघडला गेला. सरांचा चेहरा उतरला होता, हे तिनं पाहिलं. ते रडलेही असावेत. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचं बोलले.

"लॉगमध्ये तुझं नाव आहे, माझं नाही. तुला भीती घालत नाही, फक्त सांगतोय. तुझा व्हिसा युनिवर आहे, थीसिस चार महिन्यांवर आहे. मी सिस्टीममध्ये तांत्रिक बिघाड असं लिहितो. कोणाचंच नुकसान नाही."

तिनं मान डोलावली.

पार्कनं चौकशी केली, तीही थोडक्यात. मेलबर्नहून तांत्रिक बिघाडाचं पत्र गेलं, पण पार्कला बिघाड नको होता. ती यंत्रणा देणगीदारांना दाखवून त्यांनी आणखी दोन जंगलांसाठी पैसे मिळवले होते. म्हणून अहवालात असं आलं की यंत्रणा सर्वसाधारणपणे चालू होती आणि मृत रक्षकानं निघण्यापूर्वी फोन तपासल्याचा पुरावा नाही. अहवाल मान्य आहे का, असं विचारणारा कागद मेलबर्नला आला. सरांनी सही केली. खाली तंत्र विभाग म्हणून आणखी एका सहीची जागा होती. रुचानं ती केली.

चूक फिरीची ठरली, म्हणून रक्षकाच्या कुटुंबाला एरवी वर्षभर मिळतं ते घर मिळालं नाही. म्विलाला महिनाअखेर क्वार्टर सोडायला सांगितलं.

तिचा फोन आला तेव्हा रुचा क्लेटन स्टेशनसमोर भाजी घेत होती. फिरीच्याच नंबरवरून आला होता. स्क्रीनवर त्याचं नाव बघून तिनं हातातली भाजी खाली ठेवली. म्विला सावकाश, जपून इंग्रजी बोलत होती. तिनं आधी रुचाच्या घरच्यांची चौकशी केली. मोझेस तुझ्याबद्दल नेहमी बोलायचा, म्हणाली. मग म्हणाली, "त्या सकाळी त्यानं तीन वेळा फोन पाहिला. बूट घालण्याआधी, चहा पिताना आणि दारात. मी शेजारीच होते. मला कुणी विचारलं नाही."

रुचा गर्दीतून बाजूला झाली.

"ते म्हणतात, त्यानं पाहिला नाही. माझ्या मुली शाळेत हे ऐकतात. फोन वाजला होता की नाही, ते तुझ्या मशीनला माहीत असेल ना?"

"हो," रुचा म्हणाली. "माहीत असतं."

"मग तू त्यांना सांगशील?"

"सांगेन."

म्विलानं तिचे दोनदा आभार मानले. फोन ठेवल्यावर रुचा घरी आली आणि तिनं सगळं लिहून काढलं. बुधवार, वेळ, खूण कुणी काढली, कुणी सांगितलं, फिरीला का कळवलं नाही आणि त्याला तिथे कुणी पाठवलं. दीड पान झालं. तिनं ते पुन्हा वाचलं, एका जागी व्याकरण सुधारलं आणि ड्राफ्टमध्ये ठेवलं. महिनाअखेरीला सोळा दिवस होते. रोज ती ते उघडायची. मिताली नावाची तिची रूममेट विचारायची की तू हल्ली लॅपटॉपपुढे नुसती का बसतेस. थीसिस, असं ती सांगायची.

सोळा दिवस गेले. म्विलाचा एक मेसेज आला, काही कळलं का. रुचानं उत्तर दिलं नाही. दुसरा आला नाही.

जुलैमध्ये थीसिस जमा झाला. ताब्याच्या त्या आठवड्यांवरचं प्रकरण परीक्षकांना सगळ्यात जास्त आवडलं. सात नंबरची शेवटची हालचाल त्यात एका आलेखात होती, बुधवार ते शुक्रवार, जीपचा अडथळा नसलेली, अगदी स्वच्छ. ऋणनिर्देशात फिरीचं नाव पहिलं होतं. निकाल आला, दुसऱ्या एका युनिमध्ये नोकरीचं पत्र आलं, नवा व्हिसा झाला. त्यानंतरच्या सोमवारी भर दुपारी रुचानं ते दीड पान पार्कच्या संचालकांना पाठवलं आणि सरांनाही त्याची प्रत पाठवली.

सरांनी तिचा फोन घेणं बंद केलं. पार्कचं उत्तर नऊ दिवसांनी आलं. माहितीबद्दल आभार, प्रकरण बंद झालेलं आहे, आपल्या सहकार्याची पुढेही अपेक्षा आहे.

मग तिनं म्विलाला फोन लावला. तो नंबर आता वापरात नव्हता. फिरीच्या जागी आलेला रक्षक मनानं चांगला माणूस होता. तिनं विचारल्यावर त्यानं आजूबाजूला चौकशी केली. बाई मुलींना घेऊन उत्तरेकडे कुठल्याशा गावी गेली, आईकडे की बहिणीकडे, कुणाला नक्की माहीत नव्हतं. काही निरोप असेल तर भेटली की देईन, असं त्यानं कळवलं. रुचानं निरोप लिहायला घेतला. चार वेळा लिहून पुसला, आणि शेवटी त्याला सांगितलं की नाही, काही निरोप नाही.