एर्लिंगचा चाप

"आज मानवी हृदयाचं भवितव्य बदललं आहे!" आमच्या मिनियापोलिसचे हृदयाचे सर्जन डॉक्टर एर्लिंग ट्वेट यांनी भर सभेत जाहीर केलं. मी मागच्या रांगेत होतो. ते भवितव्य आदल्या दिवशी मीच माझ्या गॅरेजातल्या लेथवर घासलं होतं आणि मटाराएवढं असल्यामुळे दोनदा ओणवं होऊन फरशीवर शोधलंही होतं.

तो एक चाप होता, इवल्याशा चिमट्यासारखा. मांडीच्या शिरेतून आत सरकवायचा, हृदयाची गळकी झडप त्यानं पकडायची. छाती फाडायला नको.

आमच्याकडे पाहुणा कॉफीसुद्धा दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घेतो. मोठ्या कंपनीनं एर्लिंगची या चापासाठी काढलेली स्टार्टअप विकत मागितली, तेव्हा त्यानं एकदाही नाकारली नाही. कंपनीनं आराखडे नेले, साचे नेले, तयार चाप नेले आणि सगळं नष्ट करून टाकलं. छाती उघडून बसवायच्या त्यांच्या झडपा उत्तम खपत होत्या.

एर्लिंगनं तळ्याकाठी बंगला बांधला.

या जानेवारीत तळं गोठल्यावर तो बर्फावरच्या माझ्या मासेमारीच्या खोपटात आला. मी कॉफी विचारली. त्यानं पहिल्याच खेपेला घेतली. तेव्हाच मला भीती वाटली.

"डुएन, माझी झडप गळतेय. गुरुवारी छाती उघडणार. मी या वयाची माणसं उघडलीयत रे, मला माहितीय. एक चाप करून दे. बसवायला माणूस तयार आहे."

"कंपनी विकताना, असलं काही पुन्हा बनवणार नाही, म्हणून माझी सही कुणी घेतली?"

"मीच. गुपचूप कर!"

"मापांची वहीसुद्धा नेलीस माझी. तुझं हृदय काय अंदाजपंचे पकडू?"

"जुना एखादा राहिला असेल. बघ ना."

मी बर्फातल्या भोकातून दोरी वर ओढली. टोकाला गळ, गळाच्या वर चाप.

"चकाकतो म्हणून बांधला. पाच हिवाळे झाले."

त्यानं तो तळहातावर घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला. परत दाबला. "पकड गेलीय."

"पाइक माशानं चावलाय."

त्यानं वाकून त्या भोकात पाहिलं.

"याला मासा लागतो का?"

"वॉलआय तर हमखास."

त्यानं दोरी हातात घेतली.

"मग जरा सरक की तिकडे."