सावली मोजणारी टोपी

मी एक जुनी टोपी आहे. पण उन्हापावसाची नव्हे, मित्रांनो. माझ्या अंगाला बत्तीस भोकं आहेत. प्रत्येकात एक दिवा, नाहीतर उजेड टिपणारा डोळा. माझा उजेड लाल रंगाच्याही पलीकडचा, तुम्हांला न दिसणारा. तो कवटीतून आत शिरतो, मेंदूला चाटून परत येतो आणि आत रक्ताची गर्दी कुठे झाली ते सांगतो. जितका उजेड कमी परतेल, तितकी गर्दी जास्त. विचार मला दिसत नाहीत. तरी शेजारच्या वजनकाट्याला मी थाप मारून ठेवली आहे, की तीनशे डोक्यांपैकी दोनशे नव्वदांत नुसता चहा होता.

स्वस्थ बसणं माझ्या नशिबी नाही. सेकंदाला दहा वेळा मिचमिचायचं, तेही न चुकता. सुरुवातीला संशोधक बाई कंगव्याच्या टोकाने एकेक केस बाजूला सारून मला बसवत. मग कामं वाढली. बाहेरचा उजेड अडवणारी माझी काळी खोळ हरवली आणि नवी आणायची राहूनच गेली.

अशात एक शिंपी मास्तर आले. पक्षाघाताच्या झटक्यानंतर वाचा गेलेली, हातपाय गेलेले. थोरला मुलगा म्हणत होता, बाबांना आता काही कळत नाही, त्यांना वृद्धाश्रमात ठेवू. मास्तरांची बायको, मास्तरीणबाई, म्हणत होत्या, सगळं कळतं. निवाडा माझ्यावर आला.

संशोधक बाई वाकून सांगत, मनातल्या मनात बेरीज करा. सांगितलं रे सांगितलं, की पडद्यावरची गर्दीची रेघ टुणकन वर. मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले. माझा मात्र जीव खालीवर होत होता. रक्ताला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात हो, ते असं हाकेसरशी येत नसतं. पण मला तोंड कुठे आहे?

मास्तरीणबाईंची नजर काजं-बटणं करून तयार झालेली. त्या गप्प बसल्या असत्या, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही वाकलात की या टोपीवरचं खिडकीचं ऊन जातं. ही तुमचीच सावली मोजतेय."

बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या सकाळी मास्तरीणबाईंनी अस्तराच्या काळ्या कापडाची खोळ शिवून आणली. ती घातली, बेरीज विचारली. रेघ आडवी. पुन्हा आडवी. थोरला उठून उभा राहिला.

"थांब जरा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हिशेब यांनी जन्मात केला नाही, मीच करायचे. अहो, कोट बेता. थोरल्याच्या मापाचा."

एक. दोन. तीन. मिचमिचता मिचमिचता मीच घायकुतीला आले. पाच. सहाव्या सेकंदाला रेघ हळूच वर सरकू लागली. संशोधक बाईंनी थांबायला सांगितलं, तशी उतरली. पुन्हा बेतायला सांगितलं, पुन्हा चढली. असं आठ वेळा केलं, सात वेळा तसंच झालं.

थोरला मटकन खाली बसला. "बाबा," तो म्हणाला, "खांद्यात सैल ठेवा. मी सुटलोय."

आणि मित्रांनो, शपथेवर सांगते, सहा सेकंदांनी रेघ पुन्हा चढली.

आता माझे चार दिवे गेलेत, खोळ मात्र शाबूत आहे. माझ्या वायरी पिळू नका, केस नीट बाजूला सारा, खोळ विसरू नका. आणि कुणी लगेच बोललं नाही, तर उठून जाऊ नका. निदान सहापर्यंत मोजा.