रंगाऱ्याचा उजवा हात आणि मी

मित्रांनो, मी वायरवाली मसाज गन आहे, आणि चांगली जुनी आहे. माझ्या वायरीला दोन ठिकाणी गुंडाळलेली काळी चिकटपट्टी पाहिली की तुम्हाला ते कळेलच. गन म्हटलं म्हणून दचकू नका. माझ्यातून गोळी सुटत नाही. माझ्या टोकाला रबराचा एक गोळा आहे, तो भराभर पुढेमागे होतो आणि आखडलेल्या अंगाला ठोके देतो. आयुष्यभर मी एकाच माणसाला ठोके दिले. ते रंगारी आहेत, आणि त्यांच्या उजव्या हाताची हकीकत सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एकीने मोटर बसवली, दुसरीने स्क्रू पिळले, तिसरीने मला कानाशी धरून माझा आवाज ऐकला आणि पसंतीने मान डोलावली. एवढं कौतुक माझं पुढे फारसं झालं नाही. मग आला खोका, आणि खोक्यानंतर दुकानातलं कपाट. तिथे माझ्या शेजारी बिनवायरच्या मसाज गन होत्या, सडपातळ आणि चकचकीत. गिऱ्हाइकं त्यांनाच हातात घ्यायची. माझी वायर दिसली की नाक मुरडायची.

एके दिवशी एक बाई आपल्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला घेऊन दुकानात आल्या. त्या लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करत. त्यांचे यजमान म्हणजेच आमचे रंगारी. छत रंगवण्यात त्यांचा हातखंडा, पण वर्षानुवर्षं हात वर धरून उजवा खांदा पार आखडला होता. हात कानाच्या वर जाईना. छतं रंगवणाऱ्याचा हातच वर जात नसेल तर त्याने करायचं काय? ही काळजी बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

"आई, बिनवायरची घेऊ या. बाबा कामावरही नेतील," लेक म्हणाली.

"नेतील आणि तिथेच विसरून येतील. डोळ्यावरचा चष्मा सापडत नाही त्यांना!"

दुकानदाराने दोन्हींचे गुणदोष सांगितले. बिनवायरची सुटसुटीत, पण चार्जिंग संपलं की गप्प बसते आणि काही वर्षांत तिची बॅटरी थकते. वायरवाली ऐन वेळी दगा देत नाही, पण प्लगपासून लांब जात नाही. "मला वायरीची सवय आहे," असं म्हणून बाईंनी मला उचललं.

घरात पलंगाशेजारी एक प्लग होता. माझी वायर बेताची, म्हणून तिथेच स्टूल मांडावं लागे. संध्याकाळी रंगारी हातपाय धुऊन स्टुलावर बसत आणि बाई त्यांच्यामागे उभ्या राहत. इस्त्री करणाऱ्या बाई त्या. गरम इस्त्री एका जागी थांबली की कापड करपतं, हे त्यांच्या हाताला इतकं ठाऊक होतं की मीही कधी एका जागी थांबले नाही. खांद्यावरून पाठीकडे, पाठीवरून दंडाकडे मी सारखी फिरत राहायची. "इथे? फार लागतंय का?" असं त्या मधूनमधून विचारायच्या. रंगारी दर वेळी "नाही गं" म्हणायचे, पण त्यांचा खांदा दचकला की बाईंना कळायचं आणि त्या मला अलगद बाजूला घ्यायच्या.

चार-पाच महिन्यांत हात डोक्याच्या वर गेला. त्या दिवशी रंगाऱ्यांनी स्टुलावर उभं राहून घरातल्या छताला बोटं टेकवून दाखवली आणि लेकीने टाळ्या वाजवल्या. मला कुणी काही म्हणालं नाही. पण मित्रांनो, ती टाळी थोडी माझीही होती असं मी धरून चालले.

अशी सहा वर्षं गेली. मग रंगाऱ्यांना एका मोठ्या सभागृहाच्या छताचं काम मिळालं. बांबूंचा उंच पहाड, म्हणजे परांची, बांधून तिच्यावर रोज आठ-आठ तास मान वर करून करायचं काम. उजव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला एक गाठ धरली आणि ती दुपारपासूनच ठणकू लागली. संध्याकाळची वाट बघायला त्यांना सवड नव्हती. त्यांनी स्वतःच जाऊन बिनवायरची मसाज गन आणली.

"ही असताना आणखी एक कशाला?" बाईंनी विचारलं.

"हिची वायर पहाडावर नेऊ का? कुणीतरी पाय अडकून खाली पडेल. शिवाय तुलाही रोजचा ताप नको."

"मी कधी म्हटलं ताप होतो म्हणून?" बाई एवढंच बोलल्या आणि मला खोक्यात ठेवलं.

मी खोटं कशाला बोलू, मला त्या नवीचा भयंकर हेवा वाटला. रोज सकाळी ती ऐटीत पिशवीत बसून कामावर जायची आणि रात्रभर माझ्याच प्लगवर आयती चार्ज व्हायची. स्टूल स्वयंपाकघरात गेलं. संध्याकाळी आता रंगारी येत, जेवत आणि झोपत.

पुढे पहाडावर काय घडलं ते मला त्या नवीनेच नंतर सांगितलं. रंगाऱ्यांची कामाची एक पद्धत होती. भिंतीवर उंचवटा राहिला की पॉलिश पेपर घेऊन तो घासत राहायचं. तळव्याला काही लागेनासं झालं, की जागा गुळगुळीत झाली. तेच त्यांनी आपल्या दंडाला लावलं. जेवणाच्या सुट्टीत ते तिला गाठीवर दाबून धरत, जोर पूर्ण ठेवून. दहा मिनिटांनी ती आपोआप बंद पडे, की पुन्हा बटण दाबत. दंड बधिर झाला की त्यांना वाटे, चला, गाठ गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ. असे जवळजवळ तीन आठवडे.

एका दुपारी त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला. उचलायला गेले तर मनगट वळेना. पंजा खाली लोंबत राहिला, जणू तो त्यांचा नव्हताच.

ऐकून मला आधी बरं वाटलं. हो, बरं वाटलं. आता मोडली ना हिची ऐट, असं. मग खोक्याच्या फटीतून मला रंगारी दिसले. डाव्या हाताने त्यांनी उजवा पंजा उचलून मांडीवर ठेवला आणि तो तसाच पडून राहिला. माझी मला लाज वाटली. मित्रांनो, ती लाज अजून गेलेली नाही.

डॉक्टरांनी तपासून व्यायामासाठी एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. बाईंनी आम्हा दोघींनाही पिशवीत घालून तिथे नेलं आणि टेबलावर शेजारीशेजारी मांडलं.

"मॅडम, यातली कुठली बरोबर? वायरवालीच ठेवली असती तर असं झालं नसतं ना?"

फिजिओथेरपिस्ट तरुण होती. तिने आमच्याकडे जेमतेम बघितलं. रंगाऱ्यांच्या दंडावरून ती बोट फिरवत म्हणाली, "इथे हाडाला लागून एक नस जाते, काकू. तीच दबली आहे. वायरवालीनेही दबली असती. काका, बधिर झालं तेव्हा थांबला का नाहीत?"

"मला वाटलं, बरं झालं," रंगारी म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते कधी बोलले नव्हते. "हात येईल ना परत?"

"बहुतेक येईल. पण कधी आणि किती, ते आज सांगता येणार नाही. तोवर या दोघींना कपाटात ठेवा."

तेव्हापासून आम्ही दोघी एकाच कपाटात आहोत, फळीवर, दाराच्या फटीजवळ. हेवा केव्हाच संपला. बटण दाबलं की चालायचं, एवढंच तिला येतं. मलाही तेवढंच येतं. मी ज्याला सहा वर्षं माझा गुण समजत होते, तो बाईंच्या हाताचा होता.

रोज संध्याकाळी बाई मनगटाला आधार देऊन व्यायाम करून घेत. दर आठवड्याला फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे त्या रंगाऱ्यांना डोळे मिटायला लावत आणि पंजाच्या मागच्या बाजूला, अंगठ्यापाशी, टूथपिकचं टोक हलकेच टेकवत.

"कळतंय?"

"नाही."

पहिला आठवडा, दुसरा, सहावा. "नाही." सभागृहाचं काम दुसऱ्या रंगाऱ्याकडे गेलं. ब्रश सुकून कडक झाले ते लेकीने धुऊन उलटे टांगले. फटीतून मला त्यांची मिटलेली पापणी दिसायची, आणि 'नाही' म्हणताना बाईंकडे न वळणारा चेहरा.

अकराव्या आठवड्यात बाईंनी टोक टेकवलं, आणि काही विचारायच्या आतच रंगारी ओरडले, "आई गं! टोचतंय!"

बाईंच्या हातातली काडी खाली पडली. लेक आतून धावत आली. "काय झालं? बाबांना दुखलं का?"

"दुखलं!" बाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. "दुखलं गं त्यांना!"

अजून मनगट पुरतं उचललं जात नाही. छताला हात पोचेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. पण मित्रांनो, आता बाई रोज "लागतंय का?" असं विचारतात आणि रंगारी खरं उत्तर देतात. तुम्ही माझ्यासारखी आणा की त्या नवीसारखी, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त, अंग दुखतंय म्हणालं तर त्याचं ऐका. आणि ते बोलायचं थांबलं तर जास्तच घाबरा.